झाडोऱ्यातला हमिंगबर्ड ओळखायचा कसा? कोस्टा रिकाच्या लाँग-बिल्ड हर्मिटपासून सुरुवात

कोस्टा रिकाला जाणारे बहुतेक पर्यटक हमिंगबर्ड बघतात ते लॉजच्या व्हरांड्यात, साखरपाण्याच्या फीडरवर. तिथे ओळख सोपी असते. पक्षी दोन हातांवर असतो, त्याच्या अंगावर ऊन असतं आणि शेजारच्या भिंतीवर रंगीत तक्ता टांगलेला असतो. तोच माणूस जंगलाच्या आत शिरला की गोंधळतो. उजेड जेमतेम, कानाजवळून काहीतरी भुर्रकन गेलं, तपकिरी होतं एवढंच कळलं. हा लेख त्या तपकिरी पक्ष्याबद्दल आहे.

नमुना म्हणून मी एकच जात घेतली आहे: लाँग-बिल्ड हर्मिट, शास्त्रीय नाव फीथॉर्निस लाँगिरोस्ट्रिस. दक्षिण मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या वायव्य टोकापर्यंतच्या सखल, ओल्या जंगलांत तो राहतो आणि कोस्टा रिकात तो दुर्मीळ नाही. हर्मिट हा हमिंगबर्डांमधला एक वेगळा गट आहे. हे पक्षी सावलीत राहतात, रंगाने मातकट असतात आणि बहुतेकांची चोच वाकडी असते. या गटातला एक पक्षी पक्का ओळखता आला की बाकीचे त्याच्याशी ताडून बघता येतात. म्हणून नवशिक्याने भडक रंगाच्या पक्ष्यांमागे न धावता इथून सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी खात्री: हमिंगबर्डच आहे ना?

अमेरिका खंडांत हा प्रश्न फारसा पडत नाही, पण आपल्याकडून जाणाऱ्यांच्या मनात एक गोंधळ असतो, तो आधी दूर करू. हमिंगबर्ड फक्त उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत आणि तिथल्या बेटांवर आहेत. भारतात एकही जात नाही. पुण्या-मुंबईत जास्वंदीवर येणारा चमकदार जांभळा पक्षी म्हणजे शिंजीर, अर्थात सूर्यपक्षी. तो सहसा फांदीवर बसून मध पितो. क्षणभर तरंगला तरी त्यात त्याचं कौशल्य नाही. संध्याकाळी सदाफुलीवर तरंगणारा आणि मोबाइलवर ‘आमच्या बागेतला हमिंगबर्ड’ म्हणून फिरणारा जीव हा हॉकमॉथ, म्हणजे पतंग असतो. त्याला मिशा असतात आणि सहा पाय असतात. खरा हमिंगबर्ड हवेत एका जागी थांबतो, मागे सरकतो, आणि पिसांवर कितीही काजळी दिसली तरी चोच स्पष्ट दिसते.

जागा आणि उंची

ओळख पटवायला दुर्बीण डोळ्याला लावण्याआधीच सुरुवात होते. तुम्ही समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहात, हे बघा. मोबाइलवर उंची लगेच कळते. लाँग-बिल्ड हर्मिट हा सखल भागातला आणि डोंगरपायथ्याचा पक्षी आहे. साधारण १००० मीटरच्या वर तो मिळायची आशा धरू नका. त्याचा भाऊबंद ग्रीन हर्मिट मात्र डोंगरउताराचा. तो साधारण ५०० मीटरच्या वर भेटायला लागतो. मॉन्टेव्हर्देच्या धुक्याच्या जंगलात लांब शेपटीचा हर्मिट दिसला तर तो ग्रीन हर्मिट असण्याचीच शक्यता जास्त. दोघांची हद्द जिथे मिसळते त्या पट्ट्यातच खरं डोकं चालवावं लागतं.

शिकण्यासाठी उत्तम जागा म्हणजे एरेदिया प्रांतातलं ला सेल्वा हे संशोधन केंद्र. १९५४ मध्ये लेस्ली होल्ड्रिज या वनशास्त्रज्ञाने ही जागा घेतली आणि १९६८ मध्ये ती ऑर्गनायझेशन फॉर ट्रॉपिकल स्टडीज या संस्थेकडे आली. जवळपास १६०० हेक्टर जंगल आहे, उंची साधारण ३५ ते १४० मीटर, आणि पाऊस वर्षाला सुमारे ४००० मिलिमीटर. म्हणजे एकूण आकडा आपल्या घाटमाथ्यावर पडतो तसा, फक्त चार महिन्यांत न कोसळता वर्षभर पसरलेला. या पक्ष्याबद्दल आज जे माहीत आहे त्याचा मोठा भाग याच जंगलातल्या अभ्यासातून आला आहे.

एक व्यावहारिक सूचना. ला सेल्वा ज्या गावाजवळ आहे ते पुएर्तो व्हिएहो दे सारापिकी. कॅरिबियन किनाऱ्यावर दुसरं पुएर्तो व्हिएहो आहे, ते तालामांकातलं. बसचं तिकीट काढताना ‘सारापिकी’ हा शब्द आवर्जून उच्चारा, नाहीतर जंगलाऐवजी समुद्रावर पोहोचाल.

पायात उंच रबरी बूट हवेत. या जंगलात तेर्सिओपेलो हा अत्यंत विषारी साप आहे आणि तो पानांच्या कचऱ्यात दिसत नाही. तोल सांभाळायला झाडाच्या खोडाला हात टेकवायची सवय असेल तर ती मोडा. बुलेट अँट ही मुंगी खोडांवर फिरते आणि तिच्या डंखाची कळ पार दुसऱ्या दिवसापर्यंत टिकू शकते. स्थानिक वाटाड्या बरोबर घ्या. सुरक्षिततेसाठी तर हवाच, शिवाय हर्मिट रोज कुठे गातात हे त्याला तोंडपाठ असतं.

दुर्बीण ८×४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुरेशी आहे. दहापट मोठं दाखवणारी नको, कारण इथे पक्षी जवळ असतो आणि उजेड कमी असतो. विकत घेताना किंवा उसनी आणताना एवढंच तपासा की दोन मीटरवरची वस्तू तिच्यात स्पष्ट दिसते. अनेक दुर्बिणी इथेच नापास होतात.

पक्ष्यामागे जाऊ नका, फूल गाठा

हर्मिट आपल्या फुलांची राखण करत बसत नाही. जंगलभर विखुरलेली ठरावीक फुलं तो फेरीने घेतो. एका झाडावर दोन-चार फुलं चाखायची, पुढच्याकडे जायचं, आणि काही वेळाने पुन्हा पहिल्याकडे यायचं. त्यामुळे तो निघून गेला म्हणून त्याच्यामागे पळण्यात अर्थ नाही. ज्या फुलावर तो दिसला तिथेच, थोडं बाजूला, गप्प उभं राहा. अर्धा तास काढायची तयारी ठेवा.

कोणतं फूल? सगळ्यात आधी हेलिकोनिया. कोकणात आणि गोव्यात बंगल्यांच्या आवारात, रिसॉर्टच्या वाटेवर लावतात तेच कुळ. त्याचं मूळ घर मुख्यतः उष्ण कटिबंधातली अमेरिका. आपण ज्याला फूल म्हणतो ती लाल-केशरी पात्रं म्हणजे खरं तर छदं, रंगीत पानांचा प्रकार. खरी फुलं त्यांच्या आत दडलेली, अरुंद आणि नळीसारखी असतात, आणि प्रत्येक फूल एकच दिवस टिकतं.

पण सगळेच हेलिकोनिया सारखे नसतात, आणि ओळखीच्या दृष्टीने ही फार उपयोगाची गोष्ट आहे. ला सेल्वात हेलिकोनिया पोगोनांथा नावाचा उंच प्रकार आहे. त्याचा घोस खाली लोंबतो, फुलं लांब आणि वाकडी. तिथे थांबलात तर लांब चोचीचे हर्मिट येतात. हेलिकोनिया इम्ब्रिकाटाचा घोस उभा असतो, लाल छदं एकमेकांना चिकटून, त्यांत पाणी साचलेलं, फुलं आखूड. त्यावर रूफस-टेल्ड हमिंगबर्डसारखे आखूड चोचीचे भांडखोर पक्षी ठाण मांडतात आणि दुसरा कोणी आला की त्याला हाकलतात. म्हणजे आलेला पक्षी दिसायच्या आधीच फुलाकडे बघून निम्मा अंदाज बांधता येतो. फुलाशी बसून पहारा देणारा पक्षी बहुधा हर्मिट नव्हे. येऊन, पिऊन, निघून जाणारा हर्मिट असू शकतो.

इथे सह्याद्रीची आठवण होतेच. आपल्याकडे पश्चिम घाटात लिटल स्पायडरहंटर हा वाकड्या लांब चोचीचा पक्षी रानकेळीच्या फुलांवर येतो. केळ आणि हेलिकोनिया एकाच गणातल्या वनस्पती. पक्ष्यांची दोन कुळं एकमेकांपासून फार दूरची, पण तशाच फुलांसाठी तशीच चोच. ज्याने आंबोलीत किंवा गोव्याच्या जंगलात रानकेळीखाली थांबून हा पक्षी पाहिला आहे, त्याला हर्मिट बघायचा संयम वेगळा शिकवावा लागत नाही.

चोच, मग चेहरा, मग शेपूट

क्रम हाच ठेवा, कारण पक्षी फुलासमोर जेमतेम दोन-तीन सेकंद असतो. रंग शेवटी.

चोच: लाँग-बिल्ड हर्मिटची चोच साधारण चार सेंटिमीटर. सगळा पक्षी, चोच-शेपटीसह, पंधरा सेंटिमीटरच्या आसपास आणि वजन सहा ग्रॅमच्या आगेमागे. आपला शिंजीर जेमतेम दहा सेंटिमीटरचा, म्हणजे हा त्याच्यापेक्षा बराच लांबलचक दिसतो. चोचीचा बाक एकसारखा, बुडापासून टोकापर्यंत हळूहळू खाली उतरणारा. वरची चोच काळी. खालची मात्र बुडाकडे पिवळसर-नारिंगी आणि टोकाला काळी. पक्षी तुमच्या डोक्याच्या वरच्या फुलावर असेल तर हा पिवळा भाग झटकन डोळ्यांत भरतो.

चेहरा: डोळ्यातून जाणारा गडद पट्टा, त्याच्यावर फिकट भुवई, खाली गालावर दुसरी फिकट रेघ, आणि हनुवटीखालून गळ्याच्या मधोमध तिसरी. नवख्याला एवढं सगळं एका झलकेत टिपता येणार नाही. ‘पट्ट्यापट्ट्यांचा चेहरा’ एवढं जरी नक्की झालं तरी पुरे.

शेपूट: ही खरी सही. मधली दोन पिसं बाकीच्यांपेक्षा खूप लांब, आणि त्यांची टोकं पांढरी. पक्षी अंधाऱ्या वाटेवरून उडत जातो तेव्हा अंग दिसत नाही, ही पांढरी टोकं तेवढी मागे लहरत जाताना दिसतात. एक सावधगिरी बाळगा. पिसं झडण्याच्या काळात मधली जोडी तुटलेली किंवा अर्धवट वाढलेली असू शकते. शेपूट आखूड दिसली म्हणून लगेच दुसरी जात ठरवू नका, चोचीकडे परत या.

रंगाबद्दल थोडं सविस्तर. पाठ हिरवट-काशाच्या रंगाची, कमरेवरच्या पिसांना फिकट तपकिरी कडा, पोट राखाडी-मातकट. चमकणारा गळा नाही. इतर हमिंगबर्डांचा झगमगाट रंगद्रव्याचा नसतो. पिसांमधल्या अतिसूक्ष्म थरांवरून प्रकाश परतताना तो तयार होतो, म्हणून कोन बदलला की माणकासारखा गळा काळाठिक्कर दिसतो. जंगलातल्या उजेडात तर तो बहुतेक वेळ काळाच असतो. हर्मिटचा फायदा हा की त्याचे रंग असे फारसे फसवत नाहीत. मातकट आहे तो सावलीतही मातकटच दिसतो.

फसवतो तो पराग. फुलात डोकं खुपसून आलेल्या पक्ष्याच्या कपाळावर किंवा चोचीच्या बुडाशी पांढरा-पिवळा ठिपका दिसतो आणि नवखा माणूस मार्गदर्शिकेत ‘पिवळ्या कपाळाचा’ पक्षी शोधत बसतो. ठिपक्याच्या कडा वेड्यावाकड्या असतील, दोन बाजू सारख्या नसतील, तर तो पराग समजा.

कोणाशी गल्लत होते

ग्रीन हर्मिटचं वर आलंच. त्याचा नर बराच गडद हिरवा, शेपटीची पांढरी टोकं तुलनेने आखूड. मादीचा चेहरा पट्टेदार आणि शेपूट लांब, म्हणून गल्लत तिच्याशी होते. तिची कंबर निळसर-हिरवी असते, लाँग-बिल्डची मातकट. उंची आणि कंबर या दोन गोष्टी एकत्र धरा.

स्ट्राइप-थ्रोटेड हर्मिट याच कुळातला, पण अगदी चिमुकला. लांबी नऊ सेंटिमीटरच्या आसपास, वजन तीन ग्रॅमच्याही आत, पोट तांबूस. ‘लहान लाँग-बिल्ड’ असं वाटलं तर बहुधा हाच. पिल्लू नव्हे, कारण हमिंगबर्डची पिल्लं घरटं सोडतात तेव्हा जवळजवळ पूर्ण वाढलेली असतात. लाँग-बिल्डच्या तरुण पक्ष्याच्या पाठीवरच्या पिसांना फिकट कडा असतात, त्यावरून तो कळतो.

ब्रॉन्झी हर्मिट आणि बँड-टेल्ड बार्बथ्रोट या दोघांसाठी शेपूट बघा. दोघांचीही गोलाकार, मधली पिसं लांब नाहीत. ब्रॉन्झीची शेपूट उघडली की बुडाशी तांबूस रंग दिसतो, मग काळा पट्टा, मग पांढरी टोकं. बार्बथ्रोटची काळी-पांढरी, गळा गडद आणि त्याखाली छातीवर नारिंगी छटा.

पायथ्याच्या जंगलात नशीब जोरावर असेल तर व्हाइट-टिप्ड सिकलबिल दिसेल. त्याची चोच इतकी वळलेली असते की लाँग-बिल्डची तिच्यापुढे सरळ वाटावी. अंगाखाली ठसठशीत रेघा असतात, आणि तो हेलिकोनियाच्या घोसाला पायांनी धरून, बसून पितो. एकदा पाहिला की पुन्हा कोणाशी गल्लत होणार नाही.

हर्मिट नसलेल्यांतले तीन लक्षात ठेवले तरी सुरुवातीला काम भागतं. रूफस-टेल्डची शेपूट तांबडी आणि चोच लाल, टोक काळं. ब्रॉन्झ-टेल्ड प्लमलिटिअरचे पाय लाल असतात, हे ऐकायला किरकोळ वाटतं पण उडत्या पक्ष्याखालीसुद्धा दिसतं. व्हाइट-नेक्ड जॅकोबिनच्या नराचं डोकं निळं, पोट पांढरं, मानेवर पांढरी कोर. या शेवटच्याबद्दल एक गंमत नक्की सांगायला हवी: २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पनामातल्या अभ्यासात सुमारे वीस टक्के माद्या हुबेहूब नरासारख्या दिसतात असं आढळलं. नरासारख्या दिसणाऱ्या माद्यांना फीडरवर कमी त्रास होतो. म्हणून जॅकोबिनच्या बाबतीत नुसत्या रंगावरून ‘नर’ असं लिहू नका.

कान लावा

आता सगळ्यात आवडीचा भाग. लाँग-बिल्ड हर्मिटचे नर एका जागी जमून गातात. शास्त्रीय भाषेत या जागेला लेक म्हणतात. १९७९ मध्ये ला सेल्वातल्या अशा जागांवर सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला. काही ठिकाणी एका लेकवर पंचवीसपर्यंत नर नोंदले गेले. ओढ्याकाठची दाट गचपण त्यांना पसंत असते. प्रत्येक नराची स्वतःची बसायची काडी असते, जमिनीपासून माणसाच्या कंबरेच्या उंचीच्या आसपास किंवा त्याहूनही खाली.

गाणं म्हणजे एकच सूर, पुन्हा पुन्हा. थांबत नाही, बदलत नाही, किड्याची किरकिर वाटावी असा. पहाटे उजाडताना गेलात तर चहूबाजूंनी ऐकू येतो आणि पक्षी एकही दिसत नाही. अशा वेळी आवाजाच्या दिशेने नजर वर नेऊ नका, खाली आणा. पानांआड कुठेतरी एक पांढरा ठिपका तालात वर-खाली होताना दिसेल. गाताना नर शेपूट हलवत असतो आणि हलतात ती पांढरी टोकं. तो ठिपका सापडला की दुर्बीण हळूच वर सरकवा: शेपूट, मग राखाडी पोट, मग गळ्यावरची फिकट रेघ, मग ती लांब चोच, किंचित वर उचललेली. फुलासमोर दोन सेकंदांत जे निसटतं ते सगळं इथे मिनिटभर समोर असतं.

मर्लिनसारखं आवाज ओळखणारं ॲप वापरत असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. या पक्ष्यांचं गाणं जन्मजात ठरलेलं नसतं, ते शिकतात. एकाच लेकवर शेजारी बसणाऱ्या नरांचा सूर सारखा, पलीकडच्या टोळक्याचा वेगळा. प्रौढ नर नवा सूर उचलू शकतो हे २०१३ मध्ये दाखवलं गेलं. तेव्हा ॲपमधला नमुना आणि समोरचा सूर तंतोतंत जुळला नाही तर घाबरू नका. ताल, एकसुरीपणा आणि जागा यांवर विश्वास ठेवा.

मात्र लेकवर मोबाइलवरून आवाज वाजवू नका. त्या काडीसाठी नर खरोखर भांडतात. प्रौढ नरांच्या चोचीचं टोक माद्यांच्या टोकापेक्षा जास्त अणकुचीदार असतं आणि ज्यांचं टोक तीक्ष्ण त्यांना जागा टिकवणं सोपं जातं, असं ला सेल्वातल्याच संशोधकांनी २०१५ मध्ये मांडलं. खोट्या शत्रूशी झुंजायला लावून त्याची सकाळ वाया घालवण्याइतका आपला फोटो महत्त्वाचा नाही. फ्लॅशही नको. कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ वाढवा, दाणेदार फोटो चालेल.

कधी कधी काहीच न करता हा पक्षी तुमच्याकडे येईल. हर्मिट चौकस असतात. लाल टोपी, लाल पट्टा, अगदी तुमचा चेहरासुद्धा ते हातभर अंतरावर तरंगत तपासून जातात. त्या वेळी दुर्बीण उचलू नका, नुसत्या डोळ्यांनी चोचीचा पिवळा भाग आणि चेहऱ्याचे पट्टे बघून घ्या.

घरटं दिसलं तर

पाम किंवा हेलिकोनियाच्या पानाच्या टोकाखाली कोळिष्टकाने चिकटवलेला निमुळता पेला, खाली लोंबता शेंडा, असं काही दिसलं तर ते हर्मिटचं घरटं असू शकतं. आत दोन पांढरी अंडी. सगळं काम मादी एकटी करते. जवळ जाऊ नका, पान वाकवून बघू नका, आणि नेमकी जागा इंटरनेटवर टाकू नका.

नोंद कशी लिहायची

वहीत जागेवरच लिहा, खोलीवर गेल्यावर नाही. उंची, वेळ, फूल कोणतं, पक्षी बसून प्यायला की तरंगत, फुलाशी थांबला की निघून गेला, चोचीचा बाक, खालच्या चोचीचा रंग, शेपटीची मधली पिसं, कंबर. जे दिसलं नाही त्यापुढे ‘दिसलं नाही’ असंच लिहा. जुन्या मार्गदर्शिका चाळत असाल तर त्यांत हाच पक्षी लाँग-टेल्ड हर्मिट, फीथॉर्निस सुपरसिलिओसस या नावाखाली सापडेल. पुढे त्या जातीचे भाग पाडले गेले आणि मध्य अमेरिकेतला हा पक्षी वेगळा मानला गेला. १९७९ चा तो अभ्यासही जुन्या नावानेच आहे.

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना जात नक्की नसेल तर ‘हमिंगबर्ड, जात अनिश्चित’ या अर्थाची नोंद करायची सोय आहे. ती बिनदिक्कत वापरा. पहिल्या दिवशी अशा नोंदी जास्त असतील. मधली लांब पिसं दिसली, चोच वाकडी आणि मोठी होती, समुद्रसपाटीपासूनची उंची पाचशे मीटरच्या आत होती, अशा तिन्ही गोष्टी जुळल्या की लाँग-बिल्ड हर्मिट लिहायला हरकत नाही. दोनच जुळल्या तर त्याच फुलापाशी अजून अर्धा तास थांबा.